हिरड्यांचं औषध तपासताना

चूळ भरायच्या औषधाची चाचणी घेऊन चांगला निकाल दाखवणं फारसं अवघड नाही. खरा निकाल काढणं अवघड आहे. हिरड्यांच्या आजारांवर पदव्युत्तर शिक्षण घेत होते तेव्हा पुण्यात अशा चाचण्यांमध्ये तोंडं तपासून नोंदी घ्यायचं काम माझ्याकडे असायचं. पुढे मंचरला दवाखाना टाकला. घोडेगावच्या वर, डिंभ्याच्या पलीकडच्या वाड्यांत आणि जुन्नरच्या आपटाळे-इंगळूनच्या अंगाला शिबिरांना जाऊ लागले. पुस्तकात शिकलेल्या बऱ्याच गोष्टींची खरी पारख तिथे झाली. आता नव्याने शिकलेली मुलं-मुली ‘इथल्या लोकांवर माउथवॉशचा अभ्यास करायचाय’ म्हणून विचारायला येतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

१. आधी आजार कोणता, ते ठरवा

‘हिरड्यांतून रक्त येतं’ ही तक्रार दोन अगदी वेगळ्या माणसांची असू शकते. एकाची हिरडी नुसती सुजलेली असते. दातावर साचणारा चिकट थर, म्हणजे प्लाक, रोज नीट निघू लागला की ती पूर्ववत होते. दुसऱ्याच्या हिरडीखालचं हाड झिजू लागलेलं असतं आणि दात व हिरडी यांच्यामध्ये खोल कप्पा पडलेला असतो. लोक दोन्हीला पायरियाच म्हणतात. निरोगी हिरडीत खोली मोजायचा बारीक प्रोब फार तर ३ मिलिमीटर जातो, आजार मुरलेल्या तोंडात तो ६-७ मिलिमीटर बुडतो. चूळ कितीही जोरात खळखळली तरी औषध त्या कप्प्याच्या तोंडाशीच राहतं. आत, जिथे खरा आजार आहे, तिथे ते पोचतच नाही.

मंचरच्या बाजारात कांदा घालून एक शेतकरी तसेच परस्पर दवाखान्यात आले होते. खालचे पुढचे चार दात जिभेने हलत होते. म्हणाले, ‘‘मॅडम, ती चूळ भरायची बाटली द्या. दात साफ नको करायला. साफ केले की हलतात म्हणतात.’’ ही समजूत आंबेगाव-जुन्नर दोन्ही तालुक्यांत घरोघरी आहे आणि तिला कारणही आहे. वर्षानुवर्षं साचलेलं किटण हलत्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते काढलं की आधीपासूनचं हलणं कळायला लागतं आणि दोष साफ करणाऱ्याच्या माथी बसतो. त्यांना आरसा धरून दाखवलं, किटणाचा खपला हातावर ठेवला, तेव्हा ते खुर्चीत टेकले.

अशा माणसाला ‘फक्त चूळ’ गटात घालून तीन महिने थांबवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तेवढ्या काळात त्याचं हाड आणखी जातं. त्याच्यावर चाचणी घ्यायचीच असेल तर हिरडीखालची पूर्ण सफाई सगळ्यांनाच मिळाली पाहिजे. फरक राहील तो नंतर दिलेल्या बाटलीत काय आहे, एवढाच. नुसत्या चुळीची परीक्षा नुसत्या सुजेवरच करावी.

२. किती फरक पडला तर औषध चाललं म्हणायचं, ते आधी लिहून ठेवा

या विषयाचा पाया १९६५ साली डेन्मार्कमध्ये, आरहुस इथे घातला गेला. हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात सूज उतरली. आमच्याकडे हिरडीतून रक्त आलं की अजून ‘उष्णता झाली’ म्हणतात. खरं कारण दातावरचा थर आहे, हे त्या साध्या प्रयोगाने दाखवून दिलं. १९७० मध्ये लो आणि शिऑट यांनी अशाच घासणं थांबवलेल्या लोकांना ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या १० मिली द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरायला लावली. थर साचला नाही, सूजही आली नाही. हे औषध दाताला आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून राहतं आणि कित्येक तास थोडं थोडं सुटत राहतं, म्हणून थुंकून टाकल्यावरही काम करतं. आजही नव्या माउथवॉशची तुलना करायची ती याच्याशीच.

पण हे प्रयोग निरोगी हिरड्यांवर झाले होते. सूज येऊ न देणं वेगळं आणि आलेली सूज उतरवणं वेगळं. २०१७ साली, वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने क्लोरहेक्सिडिनच्या ५१ चाचण्या एकत्र तपासल्या. घासण्याच्या जोडीला ते वापरलं की ४ ते ६ आठवड्यांत प्लाक पुष्कळ कमी होतो, असं निघालं. मात्र सौम्य सूज असलेल्यांमध्ये सुजेचा आकडा ० ते ३ च्या मापावर सरासरी ०.२१ नेच खाली आला. एवढी घट रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची म्हणता येणार नाही, असं त्या अभ्यासकांनीच नोंदवलं. मध्यम आणि तीव्र सुजेबद्दल ठामपणे बोलावं एवढा पुरावाच त्यांना मिळाला नाही. आणि ज्याला आपण सोन्याचं माप मानतो, त्या औषधाची ही गत आहे.

म्हणून पहिली बाटली वाटण्याआधी ठरवायचं: मोजायचं काय, किती दिवसांनी, आणि किती फरक पडला तर तो रुग्णाच्या उपयोगाचा मानायचा. भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये करावी लागते. १५ जून २००९ पासून ती सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस सामील करून घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. मुलांना हा कागदी सोपस्कार वाटतो. मला तो फार मोलाचा वाटतो. प्लाक, सूज, रक्त, वास, जंतू असं सगळं मोजून मागाहून ज्यात यश दिसलं तेवढंच पुढे करण्याची वाट त्याने बंद होते.

३. तपासणाऱ्याचा हात एकसारखा हवा

प्रोब साधारण २५ ग्रॅमच्या जोराने टेकवायचा असतो. जास्त दाबला तर निरोगी हिरडीतूनही रक्त येतं, कमी दाबला तर आजारी हिरडीही गप्प बसते. छोट्या डिजिटल काट्यावर प्रोब टेकवून तेवढा जोर हाताला सवयीचा होईपर्यंत सराव करा. मग त्याच माणसांची तोंडं काही वेळाने पुन्हा तपासा आणि आपलेच दोन आकडे किती जुळतात ते पाहा. अठ्ठावीस दात, प्रत्येकाच्या सहा जागा, म्हणजे एका तोंडात १६८ नोंदी होतात. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात, पाठीत कळ आलेली असताना एकशे पन्नासावी नोंद पहिल्या नोंदीइतक्याच शांतपणे होईल, तर त्या आकड्याला अर्थ. उजेडही एकच हवा. सकाळी उन्हात पाहिलेली हिरडी आणि संध्याकाळी बॅटरीखाली पाहिलेली हिरडी, दोन्हींचा लाल रंग सारखा दिसत नाही.

४. बाटलीत काही नसलं तरी सूज उतरते

हे मुलांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. चाचणीत आलेल्या माणसाला आपण नवा ब्रश देतो, घासायचं कसं ते दाखवतो, किटण काढून देतो. शिवाय ‘डॉक्टर पुन्हा तोंड बघणार आहेत’ हे त्याच्या मनात असतं. तपासणीच्या आदल्या रात्री आणि सकाळी तो एरवी कधी घासत नाही एवढे दात घासून येतो. यातली एकेक गोष्ट सूज उतरवायला पुरेशी आहे. भरीला, ज्यांच्या हिरड्या त्या दिवशी जास्त वाहत होत्या त्यांनाच आपण निवडलेलं असतं. आजाराची चढ-उतार असतेच. शिखरावर असताना धरलेला माणूस पुढच्या खेपेला थोडा खालीच सापडतो. औषध न देताही.

तेव्हा तुलनेचा गट नसेल तर ‘महिन्याभरात सूज निम्म्यावर आली’ या वाक्याला काही किंमत नाही. त्या गटाच्या बाटलीचा रंग, वास आणि कडवटपणा औषधाच्या बाटलीसारखा हवा. पाण्यात रंग घालून दिला तर लोक दुसऱ्या दिवशी ओळखतात, कारण एका वाडीतल्या बायका पाणवठ्यावर बाटल्यांची चव एकमेकींना विचारतात. विचारणारच, त्यात गैर काही नाही. आपली तयारी त्या हिशेबाने असावी.

क्लोरहेक्सिडिनची खरी अडचण डागांची आहे. दोन-तीन आठवड्यांत दातांवर तपकिरी छटा येते. चहामुळे ती आणखी गडद होते, आणि आमच्याकडे चहा दिवसातून किती वेळा होतो ते सांगायला नको. तपासणाऱ्याने तोंड उघडून पाहिलं की कोण कुठल्या गटात आहे ते त्याला कळतं, आणि कळल्यावर हात नकळत झुकतो. यावर पूर्ण इलाज नाही. हिरडीची नोंद एकाने घ्यावी, डागांची दुसऱ्याने, आणि पहिल्याला आधीच्या खेपेचे आकडे दाखवू नयेत, एवढं तरी करता येतं. आणि डाग पडणार हे सामील होणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे. लग्न ठरलेल्या मुलीच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नसते.

५. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारू नका

तळेघरच्या बाजूला एका शिबिरात फॉर्म भरणाऱ्या मुलीने एका मावशींना विचारलं, ‘‘तंबाखू खाता? विडी ओढता?’’ ‘‘नाय बा.’’ फॉर्मवर ‘नाही’ची खूण झाली. मी खुर्चीशी त्यांना विचारलं, ‘‘मावशी, सकाळी दाताला काय लावता?’’ त्यांनी सहज कनवटीची डबी काढून दाखवली. मशेरी. आधी त्या खोटं बोलल्या नव्हत्या. तंबाखू खाणं हे पुरुषांचं व्यसन आणि मशेरी म्हणजे दात घासणं, अशी त्यांच्या मनात सरळ विभागणी होती.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. बहुतेक बायकांची सुरुवात दातदुखीतून होते. ‘लाव थोडी, ठणका थांबेल’ असं आई किंवा सासू सांगते. बधिरपणा येतो, बरं वाटतं. मग सकाळी, जेवणानंतर, निंदणी करताना बांधावर, झोपताना अशी दिवसातून किती वेळा बोट फिरतं त्याचा हिशेब राहत नाही. जिथे पूड रोज घासली जाते तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं आणि गालाच्या आत पांढरट सुरकुतलेला चट्टा दिसू लागतो. हिरड्या तपासताना मी तो चट्टा आधी शोधते. तिथे प्रश्न रक्ताचा राहत नाही, कर्करोगाचा होतो, आणि त्या बाईला माउथवॉशच्या यादीत घालण्याआधी पुढच्या तपासणीला पाठवावं लागतं.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. धूर न काढता, तोंडात वापरणाऱ्यांचं प्रमाण २४.४ टक्के होतं, ओढणाऱ्यांचं अवघं ३.८. आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न हा तोंडाचा प्रश्न आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं हेही लक्षात ठेवावं. आजार आत वाढत असतो आणि वरून हिरडी फिकट, शांत दिसते. नुसतं रक्त मोजणाऱ्याला विडी ओढणारे आजोबा निरोगी वाटतील.

आता यातला माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर भाग. माउथवॉशच्या बहुतेक चाचण्यांत तंबाखू वापरणारे, मधुमेही आणि गरोदर बायका वगळलेल्या असतात. आकडे स्वच्छ यावेत म्हणून हे करतात आणि त्यामागचं कारण मला मान्य आहे. पण मग चाचणी होते ती शहरातल्या, विशी-पंचविशीतल्या, बऱ्याचदा दंतमहाविद्यालयातल्याच मुलांवर. तिच्या निकालावरून बाटली विकली जाते आहुप्याच्या आणि हातवीजच्या मावशींना. ज्यांच्या हिरड्या खरोखर खराब आहेत त्यांच्यावर औषध तपासलंच गेलेलं नसतं. इथे चाचणी घ्यायची तर मशेरी लावणाऱ्यांना दाराबाहेर ठेवू नका. त्यांचा वेगळा भाग करा, त्यातही दोन्ही बाटल्या चिठ्ठ्या टाकून वाटा, आणि निकाल वेगळा मांडा. मशेरी सोडवण्याची मदत मात्र सगळ्यांना, पहिल्या दिवसापासून. चाचणीसाठी कुणाची मशेरी चालू ठेवणं मला कदापि मान्य नाही.

६. बाटली घरी गेल्यावर तिचं काय होतं ते पाहा

१० मिली दोनदा, म्हणजे पंधरा दिवसांना ३०० मिली. परत आलेली बाटली रिकामी असली की फॉर्मवर ‘औषध नियमित घेतलं’ असं लिहिलं जातं. पण बाटली रिकामी व्हायला घरात माणसं असतात. एका बाईच्या घरी नवऱ्याने, दिराने, शाळेतल्या पोरानेही चूळ भरली होती. डॉक्टरांनी दिलेलं फुकटचं चांगलं औषध एकटीनेच कसं वापरायचं, असं तिला वाटलं. ते मन मला समजतं. तेव्हापासून बाटली देतानाच घरच्या इतरांसाठी ब्रश-पेस्ट द्यावी आणि बाटलीतलं औषध का वाटून घेऊ नये ते घरातल्या थोरल्या बाईसमोर सांगावं, असं मी सुचवते. परत आलेल्या बाटलीचं वजनही करावं. अगदी वेळेवर संपलेली बाटली आणि आठ दिवसांतच संपलेली बाटली, दोन्ही काहीतरी सांगतात.

पेस्टने घासून लगेच चूळ भरली तर पेस्टमधला फेस करणारा घटक क्लोरहेक्सिडिनचा जोर कमी करतो, म्हणून मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. पहाटे गोठा, चूल, पाणी, मुलांचा डबा यातून ज्या बाईला उसंत नाही तिला हा अर्धा तास कुठून मिळणार? रात्री जेवल्यावर घासणं आणि झोपताना चूळ, तसंच सकाळी कामाला निघताना चूळ, असा तिच्या दिवसात बसणारा वेळ तिला विचारून ठरवायचा.

आणि चव. या औषधाने जीभ काही दिवस बोथट होते, खारट चव विशेषकरून कळेनाशी होते. कागदावर ‘चवीत तात्पुरता बदल’ एवढंच लिहिलेलं असतं. एका घरी त्याचा अर्थ असा झाला की स्वयंपाक करणाऱ्या सुनेला आमटी अळणी लागू लागली, तिने मीठ वाढवलं, आणि घरात रोज ताटावरून कुरबूर सुरू झाली. तिने चूळ बंद केली, पण बाटली ओतून देऊन ‘संपली’ म्हणून सांगितलं. चूक तिची नव्हती. आपण दुष्परिणाम विचारतो ते ‘त्रास झाला का’ अशा शब्दांत, आणि तिला त्रास झाला नव्हता, भाजी खारट झाली होती. म्हणून आता विचारायचं: स्वयंपाकाला चव लागते का? चहा कसा लागतो? घरात कुणी काही बोललं का?

७. बाळहिरड्याची बाजू घ्या, पण पुराव्यानिशी

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या हातात वर्षातला रोख पैसा येतो तो बऱ्याच अंशी बाळहिरड्याचा, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळाचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडं पाडली, तेव्हा भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली, यावरून त्या झाडाचं महत्त्व कळेल. हा हिरडा त्रिफळ्यातला एक. त्यात टॅनिन भरपूर असतं. कातडं कमावायला आणि शाईलाही तो त्यामुळेच वापरत आले. तोंडात धरला की सगळं आवळून येतं. हिरडी सुजली की त्याच्या काढ्याने चूळ भरणारी जुनी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना आराम पडतो याबद्दल मला शंका नाही.

त्रिफळ्याची चूळ आणि क्लोरहेक्सिडिन यांची तुलना करणारे अभ्यास भारतात बरेच झाले आहेत. पुष्कळदा ते लहान आणि थोड्या दिवसांचे असतात आणि शेवटी लिहिलेलं असतं: ‘दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही, म्हणून त्रिफळा क्लोरहेक्सिडिनइतकाच गुणकारी.’ या ‘म्हणून’वर माझा आक्षेप आहे. मंचरच्या बाजारात मोठ्या ट्रकच्या काट्यावर दोन कोथिंबिरीच्या जुड्या ठेवल्या तर काट्याला फरक दिसणार नाही. त्या सारख्या वजनाच्या आहेत असं त्यावरून कुणी म्हणणार नाही. वीस-पंचवीस माणसांचा गट हा तसलाच काटा आहे. ‘सारखंच’ म्हणायचं असेल तर किती उणं-अधिक चालेल ते आधी ठरवावं लागतं आणि त्या हिशेबाने बरीच जास्त माणसं घ्यावी लागतात.

दुसरं असं की काढा घरोघरी वेगळा असतो. फळ कोवळं की पिकलेलं, किती वाळवलेलं, किती पाण्यात किती आटवलं यावर त्यातलं टॅनिन बदलतं. एका वाडीत बरं वाटलेला काढा दुसऱ्या वाडीत निम्म्या जोराचा निघेल. तपासायचा काढा एका जागी, एकाच मापाने बनला पाहिजे आणि प्रत्येक घाण्याची तपासणी झाली पाहिजे. हे खर्चाचं काम आहे. पण इथल्या बायका डोंगर चढून जो माल गोळा करतात त्याचा गुण पक्का सिद्ध झाला तर त्याचा भाव त्यांना मागता येईल. म्हणूनच मला यात ढिलाई चालत नाही. कच्च्या अभ्यासाने हिरड्याचं कौतुक होईल, किंमत वाढणार नाही.

८. अंगठा उठवण्याआधी त्यांच्या तोंडून ऐका

‘‘तुम्ही म्हणाल तिथे अंगठा देतो, डॉक्टर.’’ हे वाक्य ऐकलं की थांबायचं. तो विश्वास आहे, संमती अजून झालेली नाही. २०१९ च्या नव्या औषधं व क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे माहिती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची असते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या वेळी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्णवेळ हजर असावा लागतो. मी याला एक जोड देते. सांगून झाल्यावर त्यांनाच विचारते, ‘‘आता घरी गेल्यावर काय सांगाल, तुम्हाला कशासाठी बोलावलं होतं?’’ ‘‘दात फुकट साफ करायला’’ असं उत्तर आलं तर पुन्हा पहिल्यापासून. एका बाटलीत औषध नसेल, तुमच्या वाट्याला कुठली येईल ते चिठ्ठीवर आहे, कधीही नाही म्हणा, नाही म्हटलं तरी दात साफ करून मिळतीलच. या चार गोष्टी त्यांच्या शब्दांत परत आल्या की मगच अंगठा.

आश्रमशाळेतली मुलं सोयीची असतात, एका जागी सापडतात, वेळेवर येतात. म्हणूनच तिथे जास्त जपायला हवं. मुख्याध्यापकांची परवानगी ही पालकांच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, आणि सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. आई-बाप डोंगरापलीकडे आहेत, तर तिथे जायचं.

येण्या-जाण्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्यावी. कामाचा दिवस मोडून आलेल्या माणसाला नुसत्या ब्रशवर परत पाठवणं बरोबर नाही.

९. दिवस इथल्या कामांप्रमाणे धरा

जुलैत भाताची आवणी असते. चिखलातून कुणी दात दाखवायला येणार नाही, आणि भीमाशंकरच्या बाजूचा पाऊसही येऊ देत नाही. उन्हाळ्यात वाड्या बाळहिरड्याला गेलेल्या असतात. पूर्वेकडे कारखाने सुरू झाले की ऊसतोडीची कुटुंबं येतात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की निघून जातात, त्यांना सहा महिन्यांच्या चाचणीत घेऊ नये. संध्याकाळची वेळ तर ठेवूच नका. उसात बिबट्या असतो, मुक्कामी एसटी चुकली की पायवाटेने घर गाठायची कुणाची छाती होत नाही.

जे फॉलोअपला येत नाहीत ते येणाऱ्यांसारखे नसतात. ज्याला गुण आला तो कामाला लागतो म्हणून येत नाही, ज्याला चव नकोशी झाली तो संकोचाने येत नाही. उरलेल्यांवर काढलेला आकडा दोन्हीकडून चुकतो. म्हणून न आलेल्याच्या दारी जायचं, आणि ज्याला जो गट मिळाला होता त्याच गटात त्याला मोजायचं, मग त्याने चूळ भरलेली असो वा नसो.

हिरड्यांवरच्या औषधाला मान्यता देताना अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९८६ पासून किमान सहा महिन्यांच्या अभ्यासाची अट ठेवली आहे. दोन आठवड्यांची चाचणी ही जाहिरातीच्या कामाची. इथे सहा महिने हवे असतील तर भाताची झोडणी उरकली की, दिवाळीच्या मागेपुढे सुरुवात करावी आणि बाळहिरड्याचा हंगाम भरात यायच्या आत शेवटची तपासणी संपवावी. सुरुवातीला सगळ्यांचं किटण काढायचं. मशेरीवाल्यांचा वेगळा भाग, तीन प्रकारच्या बाटल्या: क्लोरहेक्सिडिन, एका मापाचा हिरड्याचा काढा आणि औषध नसलेली कडवट बाटली. तपासणी घोडेगाव-जुन्नरला न बोलावता तळेघर, अडिवरे, आपटाळे इथे जाऊन. शेवटच्या दिवशी ज्यांच्या वाट्याला बिनऔषधाची बाटली आली होती त्यांना जे लागू पडलं असेल ते द्यायचं, आणि आकडे जुळले की पावसाच्या आधी त्याच वाड्यांत बसून काय निघालं ते सांगायचं. काहीच निघालं नसेल तरी.